एक-पाच-तीन-सहा-दोन-चार

माझ्या दुकानात नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी त्याच्या हातात मी पाना देत नाही. आधी एक पाढा पाठ करायला लावतो. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. सहा सिलिंडरच्या जुन्या टाटा इंजिनाची ही फायरिंग ऑर्डर. कुठल्या सिलिंडरला आधी डिझेल जातं आणि मग कुठल्या, ते यात आलं. मिरजेतल्या माझ्या उस्तादांनी 1986 साली माझ्याकडून ती पाठ करून घेतली होती. चुकलो की ते रागवायचे नाहीत, नुसतं म्हणायचे, "फिर से." मी सोळा वर्षांचा होतो. आज सांगलीत डिझेलचे पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल दुरुस्त करायचं माझं स्वतःचं दुकान आहे, आणि झोपेतून उठवून विचारलं तरी तो पाढा तोंडातून बाहेर पडेल.

पण ट्रकशी माझी ओळख त्याच्या आधीची. आण्णांनी 1979 साली कराडच्या एका मालकाकडून जुनी टाटा 1210 घेतली. बॉनेटवाली, पुढं नाक काढलेली. 12 म्हणजे मालासकट बारा टन वजन आणि 10 म्हणजे साधारण शंभर हॉर्सपॉवर, एवढं सरळ नाव. मार्केट यार्डातून हळद आणि गूळ, तासगावातून बेदाणा, सीझनला कारखान्याचा ऊस, असं मिळेल ते भाडं आण्णा मारायचे. गाडीच्या नंबरप्लेटवर आई दर दसऱ्याला कुंकू लावायची आणि टायरखाली लिंबू ठेवायची. गाडी लिंबावरून पुढं गेली की मगच आमच्या घरात जेवणाची पानं वाढली जायची.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आण्णांबरोबर जायचो. 1981 च्या सुट्टीतली एक रात्र मला लख्ख आठवते. चिपळूणला गूळ उतरवून आम्ही जांभा चिरा भरून परत येत होतो. कुंभार्ली घाटाच्या मध्यावर गाडीची ओढ गेली. इंजिन दोन-तीनदा हुंकारलं आणि बंद पडलं. क्लीनरनं उडी मारून मागच्या चाकांना दगड लावले. आण्णांनी बॉनेट उचललं, मला बॅटरी धरायला लावली आणि पाइपावरून बोट फिरवत गेले. टाकीकडून फीड पंपाला येणारा पाइप युनियनजवळ केसाएवढा चिरला होता. तिथून इंजिन हवा ओढत होतं. आमच्या भाषेत गाडीनं 'एअर घेतली' होती.

आण्णांनी अंघोळीच्या साबणाची वडी काढली, चिरेवर घासून घासून बसवली, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली आणि वरून तार आवळली. मग पंपावरचा हवा काढायचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल करून मला म्हणाले, "हितं दाब. थांबू नगंस." मी हँड प्रायमर, म्हणजे हातानं डिझेल चढवायचा पंप, दाबायला लागलो. आधी स्क्रूच्या बुडातून नुसता फेस आला, दुधासारखा. मग फेस आणि डिझेल, मग तुटक बुडबुडे, मग एकही बुडबुडा नसलेली स्वच्छ धार. "बास," म्हणून त्यांनी स्क्रू आवळला. सेल्फ मारला, इंजिन चौथ्या-पाचव्या फेऱ्याला धरलं.

तोवर मागं तीन गाड्या येऊन थांबल्या होत्या. तिन्ही 1210. तिन्ही ड्रायव्हर खाली उतरले होते. एकानं न विचारता आपल्या डब्यातले तांब्याचे वॉशर पुढं केले आणि दुसऱ्यानं आण्णांनी बांधलेली पट्टी ओढून बघून मान डोलावली. त्यातल्या कुणालाही आमची गाडी परकी नव्हती. त्यांच्या गाडीतला प्रत्येक नटबोल्ट आमच्या गाडीत त्याच जागी होता. तो साबण कराडपर्यंत टिकला, तिथं आम्ही नवा पाइप टाकला.

ट्रक वर्षानुवर्षं का टिकतो, याचं उत्तर मला त्या रात्री अर्धं मिळालं होतं. लोक म्हणतात, जुनं लोखंड जाड होतं. जाड होतंच. चासीचे गर्डर, पाट्यांचे थर, सगळं दणकट होतं, आणि बारा टनांच्या गाडीत लोकांनी किती भरलं ते मी आकड्यात लिहीत नाही. पण नुसतं जाड लोखंड गंजून पडतं. गाडी जगते ती वाटेत बिघडल्यावर तिथल्या तिथं उघडता येते म्हणून, आणि उघडल्यावर आत काय आहे ते शेजारून जाणाऱ्यालाही कळतं म्हणून.

या इंजिनाचं मूळ जर्मनीत आहे. टाटांच्या टेल्को कंपनीनं 1954 साली डाइमलर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेन्झ ट्रक बनू लागले. करार 1969 साली संपला, पुढच्या जाळीवरचा तारा गेला आणि टाटांचा टी आला. आमच्या मार्केट यार्डातले म्हातारे ड्रायव्हर मात्र पुढं कितीतरी वर्षं 'मर्सिडीज'च म्हणायचे. आण्णांच्या गाडीत 692 इंजिन होतं, म्हणजे सहा सिलिंडर, 92 मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाची रुंदी. मग 697 आलं, 97 मिलिमीटर बोअर आणि 128 चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 5675 सीसी. मर्सिडीजच्या ओएम 352 इंजिनाची मापं हीच. ते 352 इंजिन गोल नाकाच्या मर्सिडीज ट्रकांत बसून जगभर गेलं. ब्राझीलमध्ये 1113 मॉडेल घरोघरचं झालं, नायजेरियात 911 हे लोकांच्या तोंडचं नाव झालं. लागोसमधल्या एखाद्या मिस्त्रीला माझ्या दुकानात आणून बसवलं तर आम्हाला एकमेकांचं बोलणं कळणार नाही, पण समोरच्या इंजिनाचं काय करायचं हे आम्हा दोघांना कळेल. पाकिस्तानात हीच जागा इंग्लंडच्या बेडफर्डनं घेतली. रंगवलेले, नक्षी केलेले ते ट्रक सगळ्यांनी फोटोत पाहिलेत. नक्षीच्या आत साधंसुधं, उघडता येणारं यंत्र आहे म्हणूनच त्यावर एवढा रंग चढवायला मालकाला परवडतं.

साधं म्हणजे किती साधं, तेही सांगतो. 5675 सीसीतून जेमतेम सव्वाशेच्या आत हॉर्सपॉवर काढायची, म्हणजे इंजिनावर ताण नाही. एकदा चालू झालं की त्याला विजेची गरजच नाही. बॅटरी काढून बाजूला ठेवली तरी चालत राहील, बंद करायला तार ओढावी लागते. उतारावर लावून ठेवलं की सेल्फशिवायही चालू होतं. बोअर झिजले की लायनर-पिस्टनचा सेट टाका, क्रँक घासून घ्या, पुन्हा चालवा. हे काम करणारी माणसं आपल्या पट्ट्यात भरपूर आहेत. किर्लोस्करवाडी 1910 सालची. तिथून लेथ आणि ओतकामाची सवय गावागावांत गेली. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या तासाभराच्या अंतरावर. आणि सगळ्यात मोठी शाळा म्हणजे आपली एसटी. बऱ्याच लाल डब्यांखालीही टाटाचं हेच घराणं होतं, त्यामुळं डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हेल्पर गावात टपरी टाकून बसला तरी त्याला पंचक्रोशीतला कुठलाही ट्रक उघडता यायचा. सुटे भाग विट्यात मिळायचे, जतमध्ये मिळायचे, किराणा दुकानाच्या शेजारी मिळायचे.

ऑगस्ट 2019 चा पूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, कृष्णा गेली 57 फुटांवर. कोल्हापूर रोडचं माझं दुकान पत्र्यापर्यंत बुडालं. दारात कामाला आलेल्या दोन गाड्या होत्या, एक जुनी 1612 आणि एक दोन वर्षांची नवी. पाणी ओसरल्यावर चिखल ओढून आम्ही आधी 1612 ला हात घातला. ऑइलच्या चेंबरचा नट सोडला तर पहिल्यांदा नुसतं पाणी आलं, गढूळ, कृष्णेचंच. मग दूध घातलेल्या चहासारखं ऑइल. सहाही नोझल काढले आणि टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून इंजिन हातानं फिरवलं. नोझलच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. दोनदा डिझेलनं धुतलं, ऑइल टाकून फिरवलं, परत काढलं. पंप बेंचवर घेतला. डिझेल ढकलणाऱ्या सहा प्लंजरांपैकी दोन अडकले होते, ते बदलले. सेल्फ आणि डायनामो उन्हात वाळवले, गिअरचं आणि क्राऊनचं ऑइल बदललं. पाचव्या दिवशी सेल्फ मारला. आधी पांढरा धूर, खोकल्यासारखा आवाज, एक सिलिंडर धरेना. मग तोही लागला आणि सगळं एका लयीत आलं. गाडीचा मालक जुना माणूस. त्याचंही घर पाण्यात गेलं होतं. तो तिथंच चिखलात बसून रडला. आम्हीही बाजूला उभे राहिलो.

नव्या गाडीचं आम्हाला काहीच करता आलं नाही. कंट्रोल युनिट, वायरिंग, सेन्सर सगळं गेलेलं. भाग मागवायचे, ते आल्यावर कंपनीचाच माणूस लॅपटॉप घेऊन येणार आणि जुळवणार. मालकाचे हप्ते चालू आणि गाडी उभी. दीड महिना उभी होती.

मी नव्या गाड्यांच्या विरोधात नाही. जुन्या इंजिनाचा धूर मी तीस-पस्तीस वर्षं गिळलाय. माझ्या दुकानाच्या भिंती काळ्या आहेत, तर छाती कशी असेल ते मला माहीत आहे. एप्रिल 2020 पासून धुराचा बीएस-6 नियम आला. त्या नियमातल्या गाडीच्या मागं उभं राहिलं तरी डोळे झोंबत नाहीत. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, तेव्हा मला आण्णांची आठवण आली. पॉवर स्टेअरिंग नसलेली गाडी घाटात वळवून वळवून त्यांचे खांदे म्हातारपणी वर उचलत नव्हते आणि उन्हाळ्यात ते ओला टॉवेल मानेवर टाकून चालवायचे. ड्रायव्हरला सुख मिळालंच पाहिजे. माझं मागणं एकच आहे. त्या लॅपटॉपमधलं ज्ञान आमच्या पोरांना द्या. तपासायचं यंत्र परवडेल अशा किमतीत विका, कुठला सेन्सर काय सांगतो ते मराठीत छापून द्या, आयटीआयमध्ये शिकवा. माझ्या दुकानातली पोरं हुशार आहेत. प्लंजरचा घास बोटाच्या टोकाला कळतो त्यांना, व्होल्टेजही कळेल. नाहीतर कुंभार्लीत गाडी बंद पडल्यावर मागचे तीन ड्रायव्हर उतरतील, पण कुणालाच काही करता येणार नाही.

आण्णांची 1210 आम्ही 2003 साली विकली. जतकडच्या एकानं घेतली आणि हौदा उतरवून वर पाण्याची टाकी बसवली. आपल्याकडं बहुतेक जुन्या ट्रकांचं म्हातारपण असंच जातं. 2016 च्या दुष्काळात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं त्या उन्हाळ्यात, ती जत तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर खेपा मारत होती. एकदा माझ्याच दुकानात नोझलच्या कामाला आली. रंग बदलला होता, पण डाव्या दाराच्या आतल्या बाजूला आईनं चिकटवलेली विठोबाची पत्र्याची तसबीर तशीच होती. नव्या मालकानं ती काढली नव्हती. मी कामाचे पैसे घेतले नाहीत.

आत्ता हे लिहितोय तेव्हा बेंचवर एका 1612 चा पंप उघडा पडलाय. आटपाडीची गाडी आहे, हीसुद्धा टँकरच. माझा नवीन पोरगा पाइप लावतोय आणि ओठ हलवत पाढा म्हणतोय. आत्ताच तो दोनच्या जागी तीन म्हणाला. उठून बघायला पाहिजे.