त्या रात्री दार का उघडले नाही

“त्या रात्री तुम्ही त्याला आत का घेतले नाहीत?” हा प्रश्न मला गणपतीच्या जेवणात विचारला गेला आहे, बसथांब्यावर विचारला गेला आहे, आणि पुण्याहून फोनवर सख्ख्या मावशीनेही विचारला आहे. विचारणाऱ्याच्या मनात निवाडा बहुधा आधीच झालेला असतो; माझ्याकडून फक्त खजील होणे अपेक्षित असते. म्हणून थंडीत इमारतीबाहेर अडकलेल्या एका माणसाला मी दार का उघडले नाही, ते एकदाच सविस्तर लिहिते.

अमेरिकेतल्या विद्यापीठाची अपार्टमेंट कशी असतात हे तुम्हाला ठाऊक आहे: विटांची दुमजली इमारत, आठ घरांना मिळून एक बाहेरचे दार, कार्ड दाखवल्यावर उघडणारे त्याचे कुलूप, आणि अनोळखी माणसाला आपल्यामागून आत येऊ देऊ नये असे सांगणारे भाडेकरारातले कलम. ते कोणी पाळत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपणच दुपारपासून त्या दारात चप्पल अडकवून ठेवतो. कडाक्याच्या थंडीत दार आपोआप लावणाऱ्या यंत्रातले तेल घट्ट होते, दार कसेबसे चौकटीपर्यंत येते आणि खटका न बसताच थांबते. ते हाताने ओढून लावणारे आमच्या इमारतीत मोजकेच लोक होते आणि मी त्यांपैकी एक होते. त्यावरून माझी थट्टाही होत असे.

त्या आठवड्यात विद्यापीठाच्या पोलिसांचा इशारा सर्वांच्या ईमेलवर आला होता. शेजारच्या इमारतीत कोणी तरी एका रहिवाशाच्या मागोमाग आत शिरून घरांच्या दारांच्या मुठी फिरवून पाहिल्या होत्या. वर्णन एवढेच होते: उंच पुरुष, गडद कपडे. माझा नवरा परिषदेसाठी परगावी गेला होता.

रात्री साडेअकराच्या पुढे मी लॅबमधून परतले, दार ओढून लावले, आणि पायरीवर बसून बूट काढत असताना काचेवर टकटक झाली. बाहेर उणे सतरा अंश तापमान होते. काचेपलीकडे एक उंच माणूस उभा होता; अंगात काळा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, पायांत घरातल्या सपाता, हात रिकामे. तो म्हणाला की तो कचरा टाकायला खाली उतरला होता, कार्ड आणि फोन दोन्ही वर राहिले, बायको आणि तान्हे बाळ झोपले आहे. मी घराचा क्रमांक विचारला, त्याने सांगितला. पण आठही क्रमांक आतल्या पत्रपेट्यांवर लिहिलेले होते आणि ते काचेतून सहज वाचता येत होते. मी नाव विचारले, त्याने तेही सांगितले, आणि त्या नावाचे काय करायचे ते मला कळेना, कारण त्या घरात कोण राहते हे मला माहीतच नव्हते.

मी हाऊसिंगच्या, म्हणजे विद्यापीठाची घरे सांभाळणाऱ्या विभागाच्या, रात्रपाळीच्या क्रमांकावर फोन केला. गस्तीची गाडी पाठवतो, असे उत्तर मिळाले. त्यानंतर मी वर जाऊन त्याच्या घराचे दार वाजवले, ही गोष्ट मावशीपर्यंत पोचलेल्या कथेत नसते. दाराखालच्या फटीत दिवा लागला, पावले दारापर्यंत आली, दारातल्या भिंगापाशी थांबली. मी माझ्या इंग्रजीत सांगत राहिले की मी खालच्या मजल्यावर राहते, तुमचे पती बाहेर अडकले आहेत, एकदा खाली येऊन पाहा. आतून बाळाचे रडणे ऐकू आले, पण दार उघडले नाही. तोच ईमेल तिलाही आला होता. मध्यरात्री एक अनोळखी बाई दार उघडायला सांगते आहे, तर उघडायचे नाही, एवढे तिने जाणले आणि ती तशी वागली. तिला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

तिने दार उघडले नाही, त्यामुळे त्याच्यावरचा माझा संशय कमी होण्याऐवजी वाढला, हे मान्य करते. घरात खरोखर बायको आणि बाळ असल्याचे मला कळले होते, आणि हा माणूस त्या दोघांचा कोणीही नसेल तर मी त्याला नेमके त्यांच्यापर्यंत नेऊन सोडीन, असे मला वाटले. मी खाली येऊन काचेच्या आत उभी राहिले. गस्तीची गाडी येईपर्यंत जवळजवळ अर्धा तास गेला. तो हात काखेत धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होता. मी पहारा देत होते की सोबत करत होते, हे मला तेव्हा सांगता आले नसते आणि आजही येत नाही. माझा कोट त्याला द्यायचा तरी दार उघडावे लागले असते. पोलिसाने बिनतारी यंत्रावर त्याचे नाव यादीत तपासून घेतले आणि दार उघडले. आत येताना तो माझ्याकडे पाहून म्हणाला, “आपण रोज सकाळी एकाच बसला असतो.” त्याच्या आवाजात राग नव्हता.

त्या प्रश्नावर मी पूर्वी जीन क्लेरीचे नाव पुढे करत असे. एप्रिल १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात त्या १९ वर्षांच्या मुलीचा तिच्या खोलीत खून झाला. आपोआप बंद होणारी दारे रहिवाशांनी पिझ्झाच्या खोक्यांनी उघडी अडकवून ठेवली होती. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि १९९० मध्ये जो कायदा झाला, त्यामुळेच आज आपल्याला ते इशाऱ्याचे ईमेल येतात आणि दर १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षेचा वार्षिक अहवाल मिळतो. हे सांगताना मी एक गोष्ट हळूच गाळत असे: खुनी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. म्हणजे ओळखीचा चेहरा हा पुरावा नव्हे, असा युक्तिवाद मला करता येतो. पण मग ज्यांना मी कार्ड पाहून, हसून आत घेते, त्यांचे काय, याचे उत्तर मला देता येत नाही.

१९९० च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडातील गेन्सव्हिलला पाच विद्यार्थ्यांचे त्यांच्या घरांत खून झाले, तेव्हा खुनी मागची दारे उचकटून शिरला होता. २०२१ मध्ये ऑरलँडोत मिया मार्कानो या विद्यार्थिनीच्या घरात शिरणारा त्याच संकुलाचा दुरुस्ती कर्मचारी होता आणि त्याच्यापाशी सगळ्या घरांना चालणारी किल्ली होती. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने कायदा करून अशा कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणे आणि किल्ल्यांची नोंद ठेवणे बंधनकारक केले. मग बाहेरच्या दाराशी मी ज्याला अडवले, तो धोका नेमका कोणता होता? तळमजल्यावरच्या आमच्या सरकत्या दाराच्या खाचेत मी लाकडी दांडा बसवला आहे. त्याने कोणाला थंडीत उभे केलेले नाही आणि त्यावर मला कोणी प्रश्नही विचारत नाही.

अहवालातले आकडे पाहून घाबरण्यासारखे इथे काय आहे, असे काही जण म्हणतात. दारातून चोरीला गेलेली पार्सले आणि चोरलेल्या सायकली त्या आकड्यांत सहसा धरल्याच जात नाहीत, कारण १९९० च्या त्या कायद्याला घरफोडी मोजायची आहे, साधी चोरी नाही. अर्थात पार्सलांसाठी मी माणूस बाहेर उभा केला, असेही मला म्हणायचे नाही.

आता तुम्हाला खरोखर विचारायचे असते, पण सभ्यपणामुळे विचारता येत नाही, त्याविषयी. तो घानाहून आलेला होता. त्याच्या जागी एखाद्याने काचेपलीकडून “ताई, जरा दार उघडता का?” असे मराठीत म्हटले असते, तर मी उघडले असते. क्रमांकही विचारला नसता. मराठी बोलणारा माणूस दारांच्या मुठी फिरवून पाहत नाही, असे कोणत्याही अहवालात लिहिलेले नाही. हे मला त्याच रात्री कळले होते, तुमच्या टोमण्यांनी नव्हे. पण यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढता, की म्हणून त्यालाही उघडायला हवे होते, तो मी काढत नाही; मराठी माणसालाही उघडायला नको होते, हाही निष्कर्ष तितकाच निघतो. मध्यरात्री एकटी असताना ज्यांना कधी असा हिशेब करावा लागलेला नाही, त्यांनी मला माणुसकी शिकवू नये.

नंतर मी हाऊसिंगला लिहिले की बाहेरच्या दाराशी एक फोन बसवा, म्हणजे अडकलेल्याला शेजाऱ्याच्या दयेवर राहावे लागणार नाही. रहिवाशांनी कार्ड सतत जवळ बाळगावे, असे उत्तर आले.

ऑगस्टमध्ये नवी मुले येतात, तेव्हा मी त्यांना सांगते की कचरा टाकायला जातानाही कार्ड गळ्यात असू द्या आणि पहिल्याच आठवड्यात इमारतीतल्या प्रत्येक घरी जाऊन तोंडओळख करून घ्या. बाहेर कोणी अडकलेला दिसला तर काय करायचे, हे मात्र मी सांगत नाही. नवऱ्याचे म्हणणे असे की तो दार उघडील, माणसाला आत उभे करील आणि मग हाऊसिंगला फोन करील. मी आधी फोन करीन. यावरून आमचे आजवर अनेकदा वाजले आहे.