काळे चौकोन, करडे तुकडे आणि कापलेली अक्षरं

नवख्या डिझाइन विद्यार्थ्यांबरोबर चाललेल्या प्रयोगांची ही पुढची नोंद. संगणक अजून बंदच आहे आणि आणखी काही काळ बंदच ठेवणार आहे. सॉफ्टवेअर उघडलं की मुलं फाँट निवडण्यात आणि सावल्या देण्यात रमतात, आकाराकडे बघायचं राहूनच जातं.

सुरुवातीला एका मापाचे चार काळे चौकोन आणि एक पांढरा कागद दिला. ‘गर्दी’, ‘घसरण’, ‘एकटेपणा’ यांतला एक शब्द नुसत्या मांडणीतून दाखवायचा. डिंकाला शेवटपर्यंत हात लावायचा नाही; सरकवत राहायचं आणि पटलेल्या प्रत्येक मांडणीचा फोटो काढायचा. पहिल्या फोटोंत बहुतेकांचे चौकोन मधोमध बसलेले. मग कुणीतरी एक चौकोन कडेवर नेऊन अर्धा कापला आणि कागद अचानक मोठा वाटू लागला! ‘ताण’, ‘तोल’ हे शब्द मी त्यानंतर काढले, तेव्हा ते समजावून सांगावेच लागले नाहीत. चर्चेत ‘छान’ म्हणायला बंदी आहे. नजर आधी कुठे गेली आणि तिथून कुठे सरकली, एवढंच बोलायचं.

करड्या कागदाचा प्रयोग थोडक्यात उरकला. एकाच कागदाचे दोन तुकडे, एक काळ्यावर, एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसतो. पटत नाही म्हणून मुलं तुकडे उचलून एकमेकांना लावून बघतात, आणि तेच मला हवं असतं. मिशेल शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमधल्या गोब्लँ या विणलेल्या भित्तिचित्रांच्या कारखान्यात रंगाईचं काम बघायचा. तिथे काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा दोष शेजारच्या रंगांचा असल्याचं त्याच्या लक्षात आलं. यावरचा त्याचा ग्रंथ १८३९चा. पुढे योझेफ आल्बर्स या चित्रकार-शिक्षकानेही रंग शिकवताना रंगीत कागदच वापरले. रंग कालवून केलेली छटा पुन्हा तंतोतंत जमवणं अवघड. कागद मात्र तोच राहतो.

खरी मजा अक्षरांत आली. काळ्या कागदातून ‘ठ’, ‘ळ’, ‘क्ष’ थेट कात्रीने कापायचे, पेन्सिलीने आखायचं नाही. कात्री वळणावर अडते, तिथे हात थांबतो आणि अक्षर कसं वळतं ते नीट बघावं लागतं. अक्षर सुटून आल्यावर उरलेला कागद टाकायचा नाही, तो शेजारी चिकटवायचा. अक्षराच्या पोटातली पांढरी जागाही आपणच घडवलेली असते, हे त्या जोडीतून लगेच दिसतं.

मग छापलेल्या शब्दांवर पट्टी ठेवून वरचा भाग झाकला. शिरोरेखा गेली तरी बराचसा मजकूर वाचता येतो, पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ इथे सगळे अडखळले. या जोड्यांत शिरोरेखेतली छोटी फट केवढं काम करते! एका विद्यार्थिनीने ती फट हळूहळू बुजवत ‘भ’ची मालिकाच केली आणि ओळख कुठल्या टप्प्यावर डळमळते ते भिंतीवर लावून दाखवलं. हा प्रयोग मी सांगितलेला नव्हता. आता तो माझ्या यादीत कायमचा आहे.

पुढच्या खेपेला अक्षरांमधलं अंतर घेणार आहे. एक शब्द सुट्या अक्षरांत कापून, शिरोरेखा काढून टाकून, ती अक्षरं नुसत्या नजरेच्या अंदाजाने लावायची. मोजपट्टी शेवटी द्यायची, म्हणजे नजरेला सारखं वाटलेलं अंतर मापात किती वेगळं निघतं ते त्यांनीच तपासावं. तुम्ही असं काही करून पाहिलं असेल तर अक्षरं किती मोठी घेतली होती, ते जरूर सांगा.