लोणार १:१०,००० – चौथी वाटीही काठावरच तडकली

लोणारच्या विवराची १:१०,००० प्रमाणातली काचेची वाटी मी भट्टीत घडवतो आहे: काळ्या काचेचे विवर आणि तळाशी वितळवून जोडलेले गुलाबी काचेचे तळे. आधीच्या तीन वाट्या तडकल्या, तेव्हा मागच्या नोंदीत मी सगळा दोष विजेवर ढकलला होता. या खेपेस गोठ्यातल्या भट्टीला दोन रात्री आणि एक दिवस अखंड वीज मिळाली, जी आमच्या गावात अपूर्वाईच म्हणायची, आणि तरीही झाकण उघडले तेव्हा वाटी तडकलेलीच होती.

कडेची जाडी २१ मिलिमीटर आणि तळाची ६, त्यामुळे दुप्पट जाडी धरून ४८२ अंशांवर आठ तास थांबलो होतो आणि पुढचे ५५ अंश पंधरा तासांत उतरवले होते. अ‍ॅनिलिंग, म्हणजे काचेतला ताण जावा म्हणून तिला असे सावकाश थंड करणे, फसले असते, तर भेग नागमोडी होऊन काळ्या-गुलाबी दोन्ही काचांतून आरपार गेली असती. ही मात्र गुलाबी तळ्याच्या काठाकाठाने, जणू प्रदक्षिणा घालत गेली आहे.

तेव्हा कुठे काचेवरच संशय आला. तापल्यावर काच किती फुगते ते तिचा प्रसरण गुणांक सांगतो; जोडलेल्या दोन काचांचे प्रसरण जुळले नाही, तर थंड होताना ताण उरतो. ९० गुणांकाच्या पारदर्शक पट्टीवर काळ्याचा आणि गुलाबीचा एकेक नखाएवढा तुकडा वितळवून बसवला, शेजारी पट्टीचा काही भाग कोरा ठेवला आणि बिघडलेल्या मॉनिटरमधून सोललेल्या दोन पोलराइझिंग फिल्म आडव्या-उभ्या धरून पाहिले; अशा जोडीतून ताण असलेली काच उजळ दिसते, बाकी अंधार. कोरी बाजू काळीकुट्ट, काळ्या तुकड्याभोवतीही अंधार. गुलाबीच्या चारही कोपऱ्यांवर मात्र स्वच्छ पांढरी प्रभा. ‘हीसुद्धा नव्वदच’ असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. सोन्यामुळे रंग येणारी गुलाबी काच आधीच महाग, त्यात चार वाट्या गेल्या. यापुढे हा तुकडा-तपास केल्याशिवाय कोणाचीही काच साच्यात घालणार नाही.

एक समाधान आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणून वाटी १८ सेंटीमीटर. खोली मात्र जेमतेम दीड सेंटीमीटर. लोक लोणार उखळासारखे खोल करतात, प्रत्यक्षात ते परातीसारखे पसरट आहे, आणि बेसॉल्टचा तो उतार या वाटीत प्रथमच मनासारखा उतरला.

पाचव्या वाटीसाठी गुलाबी काच दुसरीकडून मागवणार होतो. पण हे लिहितानाच सुचले की तळे वितळवून जोडायचेच कशाला? सुमारे १२ सेंटीमीटरची चकती सुटी ठेवली, तर एक नेहमीची हिरवी आणि दुसरी जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले होते तशी, अशा दोन आलटून-पालटून बसवता येतील. गुणांकाचे भांडणही मिटेल. हिरवा पत्रा घरात आहे, म्हणून आधी तीच कापतो, ११८ मिलिमीटरवर, म्हणजे काठाला घासणार नाही.