टू-स्पीडचा नाद सोडला, मागच्या ॲक्सलला ४३/१३ बसवला

माझ्या आरसी क्रॉलरच्या, म्हणजे रिमोटवर दगडांवर चढणाऱ्या छोट्या गाडीच्या, गिअरबॉक्सचा घोळ एकदाचा मिटला. टू-स्पीड (लो आणि हाय असे दोन गिअर) नाही, डिग (मागचा ॲक्सल अडकवायची सोय) नाही. ॲक्सिअल कंपनीच्या जुन्या एससीएक्स१० क्रॉलरचा तीन गिअरचा डबाच ठेवलाय. आत २०, २८ आणि ५२ दात्यांचे गिअर. मधला २८ रेशोत मोजायचा नाही, म्हणजे हिशेब ५२ भागिले २०, २.६.

टू-स्पीडचा मोह होताच. ट्रॅक्सस कंपनीनं २०१७ मध्ये टू-स्पीडवाली टीआरएक्स-४ आणली तेव्हापासून होता, आणि २०२० च्या एससीएक्स१० थ्रीच्या किटमध्ये टू-स्पीड आणि डिग दोन्ही पाहून तर फारच. पण माझं चालवणं टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत. तिथे हाय गिअर टाकायला सपाट जागा आहे कुठे? त्यासाठी एक जादा सर्व्हो, त्याची वायर, रिमोटला तिसरं चॅनल, आणि हे सगळं वजन वरच्या अंगाला. डिगची मात्र हळहळ वाटते. मागचा ॲक्सल अडकवून पुढच्या चाकांवर गाडी गर्रकन वळते, त्याला तोड नाही.

म्हणून निदान ओव्हरड्राइव्ह तरी हवा होता. पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त फिरली की नाक वळणात ओढलं जातं आणि उभ्या चढावर गाडी लगेच उलटत नाही. बहुतेक जण पुढच्या ॲक्सलला ३६/१४ (मोठ्या गिअरला ३६ दाते, छोट्याला १४) टाकतात आणि मागे ३८/१३ तसाच ठेवतात. फरक पडतो १३.७ टक्के. मी उलट केलं: पुढे ३८/१३ तसाच, मागे ४३/१३. फरक १३.२ टक्के, म्हणजे जवळपास तेवढाच.

मग उलट का? टॉर्क ट्विस्टमुळे. गाडी चढाला लागली की शाफ्टचा पीळ चेसिसवर येतो, एक बाजू दबते आणि विरुद्ध बाजूचं चाक हलकं होतं. चाकाला लागणारी ताकद तेवढीच धरली, तर रिडक्शन (गिअरनं वेग कमी करून ताकद वाढवणं) जितकं ॲक्सलच्या आत, तितका शाफ्टवरचा पीळ कमी. ४३/१३ म्हणजे ३.३१, ३८/१३ म्हणजे २.९२, मागच्या शाफ्टवरचा भार साधारण १२ टक्क्यांनी उतरतो. ३६/१४ टाकला असता तर पुढचा शाफ्ट उलट जास्त पिळला असता. पोर्टलवाल्या (चाकापाशी जादा गिअर असलेल्या) गाड्या कमी का वाकतात त्याचंही निम्मं उत्तर हेच: शेवटचं रिडक्शन थेट चाकापाशी.

स्पर (गिअरबॉक्सवरचा मोठा गिअर) ५६ दात्यांचा, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) १३ चा. एकूण रेशो पुढे ३२.७, मागे ३७. मोटर ३५ टर्नची (वेढ्यांची) ब्रश्ड, बॅटरी टू-एस, म्हणजे दोन सेलची. १४ चा पिनियनही लावून पाहिला. पळते बरी, पण दगडाच्या कडेवर इंचभर सरकवायची तर थ्रॉटल हातात राहत नाही. १२ राखीव ठेवलाय, थ्री-एस घेतली तर.

मेश (दोन गिअरच्या दात्यांची पकड) बसवताना वहीच्या कागदाची पट्टी स्पर आणि पिनियनच्या मधे घालून मोटर दाबून धरायची, स्क्रू आवळायचे, मग स्पर हातानं फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दात्यांच्या घड्या स्वच्छ उमटल्या पाहिजेत, पण कागद फाटता कामा नये. स्पर पूर्ण एक फेरा फिरवून बघा. थोडा जरी वाकडा असेल तर एका ठिकाणी घट्ट लागतो. पिनियनच्या ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) हवंच.

खाणीतल्या काळ्या दगडावर फरक कळतो. डावीकडे झुकलेल्या ज्या पायरीवर पुढचं चाक हवेत जायचं, तिथे आता टेकलेलं राहतं. वळणाचा घेरही कमी झालाय. कोरड्या सिमेंटवर मात्र चालवू नका: पुढचे टायर घासत जातात आणि मोटर हाताला चटका देण्याइतकी तापते.

४३ चे दाते जरा बारीक आहेत, त्यामुळे पावसाळ्याआधी मागचा ॲक्सल उघडून शिम (पातळ चकत्या) आणि ग्रीस एकदा बघणार आहे. कोणी हाच रेशो थ्री-एसवर चालवत असेल तर पिनियन कितीचा ते सांगा.