नादा, फुशिमी, साइजो : तीन गावांच्या विहिरी आणि तीन तऱ्हांची साके

साके या तांदळापासूनच्या जपानी मद्याच्या बाटलीवरचे प्रांताचे नाव वाचून तिच्या चवीचा अंदाज बांधणे आता कठीण झाले आहे, कारण ह्योगो प्रांतात १९३६ साली नाव मिळालेला ‘यामादा निशिकी’ हा तांदूळ आज जपानभरच्या ब्रुअरी मागवतात आणि यीस्टही बाहेरून विकत मिळते. पाणी मात्र बहुतेक ठिकाणी अजूनही गावच्या जमिनीखालचेच असते. म्हणून या प्रवासात आम्ही पाण्यासाठी नावाजलेली तीन गावे निवडली : कोबे आणि निशिनोमिया शहरांत पसरलेला नादा, क्योटोच्या दक्षिणेचे फुशिमी आणि हिरोशिमाजवळचे साइजो.

तुलना खरी व्हायची तर प्रत मात्र सगळीकडे एकच घ्यावी. आम्ही प्रत्येक ठिकाणी ‘जुनमाई’ मागितली, म्हणजे तांदूळ, पाणी, कोजी नावाची बुरशी आणि यीस्ट यांच्यापलीकडे काहीही नसलेली, वरून मद्यार्क न मिसळलेली साके. ‘दाइगिंजो’मध्ये तांदूळ सडून, म्हणजे वरचा थर घासून काढून, निम्मा किंवा त्याहूनही कमी उरवलेला असतो, तिचा फळांसारखा सुगंध मोहक असतो यात शंका नाही, पण तो इतका पुढे येतो की गावागावांतला फरक त्याच्याखाली दबून जातो. ती शेवटी, हौस म्हणून घ्यावी.

नादाला जाण्यासाठी ओसाका-उमेदाहून हानशिन रेल्वेने उओझाकी किंवा सुमियोशी स्टेशनावर उतरावे. हाकुत्सुरू, किकुमासामुने आणि साकुरामासामुने या ब्रुअरींची ठिकाणे तिथून पायी फिरता येतात. १९९५ च्या भूकंपात इथल्या कित्येक जुन्या लाकडी इमारती कोसळल्या, त्यामुळे रस्त्यावरून हा भाग साधा औद्योगिक परिसर वाटतो. जुने काम पाहायचे असेल तर हाकुत्सुरूच्या संग्रहालयात जावे. भात वाफवणे, कोजी लावणे, आंबवण ढवळणे ही सगळी कामे तिथे माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांनिशी मांडलेली आहेत आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

या साऱ्या प्रवासाचे मूळ म्हणता येईल अशी गोष्टही नादाचीच आहे. यामामुरा ताझाएमोन या उत्पादकाच्या उओझाकी आणि निशिनोमिया अशा दोन ठिकाणी ब्रुअरी होत्या, आणि निशिनोमियाची साके दरवेळी सरस ठरत असे. त्याने तांदूळ सारखा केला, कारागिरांची अदलाबदल केली, तरी फरक काही जाईना. शेवटी १८४० च्या सुमारास त्याने निशिनोमियाच्या विहिरीचे पाणी उओझाकीला नेऊन वापरले, तेव्हा कुठे दोन्हींची चव जुळली. तेच पाणी ‘मियामिझु’ म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर असते, आणि साकेचा रंग व वास बिघडवणारे लोह जवळजवळ नसते. जड पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. साकेत मात्र नेमके उलट घडते, पाण्यातल्या खनिजांवर यीस्ट पोसले जाते आणि आंबवण जोमाने, लवकर पुढे जाते.

ते घोटात कळते. नादाची जुनमाई जिभेवर सरळ, ठाम आणि ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, लागते, आंबटपणाची कड स्पष्ट असते आणि गिळल्यावर तोंड चटकन स्वच्छ होते. किकुमासामुनेची सुगी या जपानी झाडाच्या लाकडाच्या पिंपात ठेवलेली ‘तारुझाके’ तुलनेत न धरता वेगळी चाखावी, कारण तिला येणारा लाकडाचा वास त्या काळाची आठवण आहे जेव्हा नादाची साके पिंपांतून जहाजाने एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जात असे.

फुशिमीला क्योटोहून केइहान रेल्वेने चुशोजिमा स्टेशनावर उतरावे. १६३७ पासूनच्या गेक्केइकान ब्रुअरीचे संग्रहालय तिथून जवळ आहे, तिकिटातच चव घेणे धरलेले असते, आणि गर्दी टाळायची तर सकाळी दार उघडताच पोहोचावे. मला त्याहून मोलाचे वाटले ते गोकोनोमिया देवळाच्या आवारातले ‘गोकोसुई’ पाणी. लोक घरून बाटल्या, कॅन घेऊन ते भरायला येतात आणि प्रवाशालाही ओंजळभर पिता येते. हे पाणी मियामिझुपेक्षा हलके आहे, आणि इथली साकेही तशीच गोलाईदार, किंचित गोडसर असते. नादाची साके पुरुषी आणि फुशिमीची बायकी असे जपानी लोक पूर्वीपासून म्हणतात. मला ही विभागणी पटत नाही, कारण फुशिमीच्या साकेत कमकुवतपणा मुळीच नाही; ती हळूहळू उलगडते, एवढेच. क्योटोच्या सौम्य जेवणाबरोबर ती घेतली की तिचे प्रयोजन कळते.

साइजोसाठी मात्र पूर्ण दिवस राखून ठेवावा, असा माझा आग्रह आहे. शिनकान्सेन या बुलेट ट्रेनचे हिगाशी-हिरोशिमा स्टेशन नकाशावर जवळ दिसते, पण ते गावापासून दूर आहे. हिरोशिमाहून जपान रेल्वेच्या (जेआर) सान्यो मार्गाची साधी गाडी धरली तर पाऊण तासाच्या आत साइजो येते आणि स्टेशनाबाहेर पडताच लाल विटांची धुरांडी दिसू लागतात. कामोत्सुरू, कामोइझुमी, हाकुबोतान, फुकुबिजिन, सारे काही चालत जाण्याच्या अंतरात. अनेक ब्रुअरींच्या दाराशी विहिरीचे पाणी पिण्यासाठी मोकळे ठेवलेले आहे. माझी खरी सूचना इथेच आहे : आधी ते पाणी एक घोट प्यावे, मग आत जाऊन त्याच पाण्याची साके घ्यावी.

हिरोशिमा प्रांताचे पाणी साधारणपणे हलके. अशा पाण्यात यीस्ट मंदावते आणि नादाची रीत चालत नाही, म्हणून अकित्सु गावच्या मिउरा सेन्झाबुरो यांनी अपयश पचवत प्रयोग केले, कोजी दाण्यात खोलवर रुजवून थंडीत सावकाश आंबवण्याची पद्धत बसवली आणि १८९८ मध्ये ती पुस्तकरूपाने सर्वांसाठी खुली केली. पुढे सुगंधी गिंजो साकेची वाट याच पद्धतीतून निघाली. तांदूळ सडण्याची यंत्रे करणारी सातके कंपनीही साइजोचीच आहे, हा योगायोग नव्हे असे मला वाटते.

कामोइझुमीची जुनमाई आम्ही पांढऱ्या चिनीमातीच्या पेल्यात घेतली. या पेल्याच्या तळाशी निळी वर्तुळे असतात. पांढऱ्यावर साकेचा रंग दिसतो आणि निळ्याची कड किती रेखीव दिसते त्यावरून तिची नितळता जोखतात. ही साके फिकट सोनेरी होती, कारण ती कोळशाने गाळून रंगहीन केलेली नसते. चव भरघोस, भाताच्या पेजेकडे झुकणारी, आणि कोमट केल्यावर अधिकच खुललेली. तिघींतली माझी आवडती हीच.

आता व्यवहाराच्या गोष्टी. जपानमध्ये वीस वर्षांखालील व्यक्तीला मद्य मिळत नाही, आणि चव घेऊन गाडी चालवणे तर सोडाच, सायकल चालवणेही गुन्हा आहे. संग्रहालयांत चार-साडेचारच्या सुमारास प्रवेश बंद होतो, तर साइजोच्या काही ब्रुअरी ठरावीक वारीच उघड्या असतात, म्हणून निघण्यापूर्वी वेळा पाहून ठेवाव्यात. ऑक्टोबरमधला साके महोत्सव मोठा आहे, पण शांतपणे तुलना करायची असेल तर ते दिवस टाळावेत. साकेत साधारण १५-१६ टक्के मद्यार्क असतो आणि ती पाण्यासारखी उतरते, तेव्हा प्रत्येक पेल्यामागे तेवढेच पाणी प्यावे. जपानी लोकही तसेच करतात.

शाकाहारी मंडळींनी चखण्याची चौकशी करावी, कारण थंड टोफूवरही माशाचा कीस घातलेला असतो. ‘कात्सुओबुशी नुकी दे’ असे सांगितले की तो वगळून मिळतो. उकडलेले एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, बहुधा निर्धोक असते. घरचा तिखट चिवडा मात्र या कामाला चालत नाही, चव मारून टाकतो. भारतात येताना प्रत्येक प्रौढाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे ७२० मिलिलिटरच्या दोन बाटल्या निर्धास्त बसतात; त्या चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात. ‘नामाझाके’ पाश्चराइझ केलेली नसल्याने तिला सतत थंडावा लागतो. ती तिथेच पिऊन घ्यावी आणि आणायच्या बाटल्या एकाच प्रतीच्या, दोन वेगळ्या गावांच्या निवडाव्यात.