कुळीथ म्हणा, हुलगा म्हणा

लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढात वेंगुर्ल्यात मला सर्दीनं धरलं. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस म्हणजे काय, हे जुन्नरच्या पोरीला पुस्तकात वाचून कळत नाही. दांडीवरचे कपडे चार दिवस ओले, उशीसुद्धा दमट. नाक चोंदलेलं आणि जिभेवर एकच आठवण : आईच्या हातचे, हुलग्याच्या पिठाच्या वळ्या रश्शात शिजवून केलेले शेंगोळे.

सासूबाईंनी काही न विचारता पिठी टाकली. तेलात ठेचलेला लसूण लाल केला, कांदा-मिरची परतली, पाणी आणि दोन सोलं घातली. उकळी आल्यावर गार पाण्यात कालवलेलं पीठ एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळत राहिल्या. वरून ओलं खोबरं. उकड्या तांदळाच्या भातावर ती वाढली आणि बाजूला चुलीत भाजलेला सुका बांगडा. मी मनात म्हटलं, हे तर पातळ पिठलं! आमच्याकडचं पिठलं भाकरीवर उभं राहतं, हे भातातून वाट काढत ताटाच्या कडेला गेलं.

पण वास ओळखीचा होता. "कसलं पीठ हे?"

"कुळथाचां गो."

डबा उघडून त्यांनी मूठभर दाणे दाखवले. चपटे, तांबूस. हुलगेच की! माहेरी मुरमाड माळावर दुसरं काही येत नाही तिथे हुलगा पेरतात. बैलाला भिजवून घालतात, म्हणून पाहुण्याला वाढताना थोडा संकोचही असतो. इथे भात कापला की खाचरातल्या उरल्या ओलीवर तोच दाणा टाकतात, आणि पिठी-भात म्हटलं की मुंबईला गेलेल्या माणसाचाही आवाज बदलतो. सातवाहनांच्या काळी आमच्या जुन्नरजवळच्या नाणेघाटातून कोकणात माल उतरायचा. एखादी हुलग्याची गोणीही उतरली असेल, असं आपलं मला वाटतं.

सर्दी ओसरल्यावर मी शेंगोळ्यांचा घाट घातला. पीठ घरात होतंच. लसूण, मिरची, जिरं ठेचून घातलं, तेलाचा हात लावून वळ्या वळल्या. वळतानाच चिरा पडत होत्या, पण माहेरच्या अभिमानापुढे चिरा दिसतात कुणाला? फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडल्या आणि झाकण ठेवलं.

आई हुलगा कच्चाच, सालासकट दळून आणते. ते पीठ चिकट, वळी धरून ठेवतं. इथे कुळीथ आधी भाजतात, भरडून साल पाखडतात, मग दळतात. पिठी लवकर शिजावी, खमंग लागावी म्हणून. त्या पिठाला वळ्या धरण्याशी काही देणंघेणं नाही. हे सगळं मला झाकण काढल्यावर कळलं. पातेल्यात एकही शेंगोळं नव्हतं. तपकिरी, दाट, खदखदणारं काहीतरी होतं, आणि मधे दोन-चार गुठळ्या.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. डाव फिरवला, दोन थेंब तळहातावर घेऊन चाखले. मग फळीवरची सोलांची बरणी काढली.

"मीठ वायच कमी पडलां," म्हणाल्या, आणि भाताचं आधण ठेवलं.