आमची वाटचाल : लग्नाच्या मांडवापासून एकट्याच्या राहुटीपर्यंत

आमचं मूळ दुकान टेंट हाउसचं. बाबांनी इंदूरच्या रामबागेत सुरू केलेलं. शामियाने, कनाती, जाजमं, खुर्च्या, हलवायाची पातेली. तुळशीचं लग्न लागलं की श्वास घ्यायला फुरसत नाही आणि आषाढ लागला की माशा मारायच्या, असं आमचं वर्ष. दादा शाळेत असल्यापासून बाबांबरोबर मांडवावर जायचा. मी हिशेबाच्या वहीला बसायची.

२०२० साली लॉकडाउन लागला आणि तो सैल झाला तेव्हा लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. पन्नास माणसं तर इंदुरात कुणाच्याही गच्चीवर मावतात, त्यांना शामियाना कशाला? कापड गोदामात पडून राहिलं आणि त्याला उंदरांपासून वाचवणं एवढंच काम उरलं. त्याच दिवसांत गल्लीतला एक मुलगा आला. "ताई, तुमच्याकडे छोटा टेंट नाही का? चोरलला एक रात्र राहायचंय. एकटाच जाणारेय." आमच्याकडचा सगळ्यांत छोटा तंबू हलवायाच्या भट्टीवर टाकायचा होता. मुलगा हसून निघून गेला, पण पुढच्या काही महिन्यांत तेच विचारणारे आणखी लोक आले, तेव्हा मी दादाला म्हटलं, आपण चार-पाच छोटे तंबू आणून तर बघू.

ते आले तेव्हा बाबांनी एक तंबू ओट्यावर उघडला. कापड बोटांत धरून पाहिलं, शिवण उलटी करून पाहिली, आणि बरोबर आलेल्या ॲल्युमिनियमच्या वीतभर मेखा हातात घेऊन विचारलं, "ह्या कुठल्या मातीसाठी?" प्रश्न अगदी बरोबर होता. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा मेख भेगेतच उभी राहते. पावसानंतर तीच माती इतकी मऊ होते की लोण्यातून सुरी निघावी तशी मेख निघून येते. जानापावसारख्या डोंगरावर तर हातभर खाली काळा खडक, तिथे मेख जातच नाही. बाबांनी ओळखीच्या लोहाराकडून सळईच्या लांब मेखा वाकवून घेतल्या. वजन वाढलं खरं, पण आमच्या तंबूबरोबर आजही त्याच जातात. खडकावर जाणाऱ्यांना आम्ही जास्तीची दोरी देतो. तणावा, म्हणजे तंबू ताणून धरणारी दोरी, मोठ्या धोंड्याला बांधायचा आणि त्या धोंड्यावर दुसरा धोंडा ठेवायचा. मेख तंबूपासून बाहेर कललेली हवी, तणाव्याशी काटकोन करणारी, हे मांडववाल्यांना सांगावं लागत नाही. विकत घेतलेल्या तंबूबरोबर येणारं चित्रांचं पत्रक मात्र ते सांगतंच असं नाही. बाबांचं म्हणणं असं की आपली माणसं होळकरांच्या फौजेबरोबर राहुट्या ठोकतच माळव्यात आली, तेव्हा हा धंदा काही आपल्याला नवा नाही. मी ते जाहिरातीत घालायला निघाले होते. दादानं अडवलं.

ग्रुपनं येणाऱ्या गिऱ्हाइकांचं आम्हाला फार काही करावं लागत नाही. सहा जणांत एकाला तरी तंबू लावता येतो. उरलेले पाच गाणी म्हणतात. एकट्यानं पहिल्यांदा जाणाऱ्याचं वेगळं असतं. कापडाचं दुसरं टोक धरायला कुणी नसतं, आणि रात्री दोनला काही वाजलं तर "तुला ऐकू आलं का?" असं विचारायलाही कुणी नसतं. अशी माणसं आमच्याकडे येऊ लागली तेव्हा मला वाटलं होतं, सगळे कॉलेजातले असतील. तसं झालं नाही. बँकेतून निवृत्त झालेले काका आले, रात्रपाळी करून कंटाळलेली नर्स आली, मुलं परदेशी गेलेल्या एक काकू आल्या. सामान मागायच्या आधी सगळे साधारण एकच विचारायचे, "मला जमेल का?"

ह्या प्रश्नाला दुकानातून उत्तर देता येत नाही, म्हणून गच्ची सुरू झाली. एकट्यानं पहिल्यांदा जाणाऱ्यानं आधी एक रात्र आमच्या गच्चीवर काढायची. तिचं भाडं आम्ही घेत नाही. तंबू स्वतः लावायचा, एकदा उजेडात आणि एकदा अंधार पडल्यावर, डोक्याला बॅटरी बांधून. गच्चीत मेखा ठोकता येत नाहीत, त्यामुळे तणावे विटांना बांधायचे. रात्री तंबूतच झोपायचं. लघवीला उठायचं, चप्पल शोधायची, चेन उघडायची आणि आठवणीनं परत लावायची. सकाळी सगळं घडी करून त्याच पिशवीत कोंबायचं, आणि इथे भलेभले घामाघूम होतात.

एक शाळामास्तरीण बाई अशाच आल्या होत्या. सासूबाईंना सांगून आल्या होत्या की मैत्रिणीकडे हळदीकुंकू आहे. तंबू छान लावला, पण बाराच्या सुमाराला त्या जिन्यात येऊन बसल्या. आई उठली. "काय गं, थंडी वाजतेय का?" "नाही काकू. आत गेलं की बाहेर कोण आहे ते दिसत नाही." आईनं चहा केला आणि म्हणाली, "मग आतला कपडा तेवढा लाव आणि वरचं पावसाचं काढून टाक. आज कुठं पाऊस आहे?" वरचं आवरण काढल्यावर तंबूला फक्त जाळी राहते. आतून आकाश दिसतं, शेजारच्यांची पाण्याची टाकीही दिसते. बाई सकाळपर्यंत झोपल्या. पुढे त्या मानपूरकडच्या एका शेतावर एकट्या जाऊन आल्या. तेव्हापासून कोरड्या दिवसांत आम्ही सगळ्यांना पहिल्या रात्री जाळीतच झोपा म्हणतो. वरचं आवरण हाताशी ठेवायचं. ही सुधारणा आईची, आणि ती तसं सांगायला विसरत नाही.

जागेच्या बाबतीत आम्ही हट्टी आहोत. चोरल, महू, मानपूरच्या बाजूचं जंगल सुंदर आहे, पण त्यातलं बरंचसं वनखात्याचं आहे. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरून मुक्काम ठोकणं आणि जाळ करणं १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे. अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे नुसतं आत जायलाही परवानगी लागते. रालामंडलच्या अभयारण्यात तंबू टाकू का, असं विचारणारे दर हंगामात येतात. शिवाय त्या पट्ट्यात बिबटे आहेत. म्हणून आम्ही पहिल्यांदा जाणाऱ्याला शेतावरच पाठवतो. भेरूघाटाच्या अलीकडे-पलीकडे काही शेतकऱ्यांशी आमचं ठरलेलं आहे. त्यांच्या बांधावर किंवा खळ्यात, घरापासून हाकेच्या अंतरावर तंबू लावायचा. जागेचे पैसे थेट त्यांना द्यायचे, आम्ही मध्ये काही कापत नाही. माणूस एकटाच असतो, पण हाक मारली तर कुणी तरी ओ देईल एवढं त्याला ठाऊक असतं, आणि पहिल्या रात्रीला तेवढं पुरतं.

नदीच्या पात्रात तंबू लावणार असाल तर आम्ही सामान देत नाही. पातालपानीच्या धबधब्याला २०११ च्या जुलैमध्ये अचानक लोंढा आला आणि पाण्यात उभी असलेली माणसं वाहून गेली, ते इंदुरात कुणी विसरलेलं नाही. पाऊस वर पठारावर पडतो, खाली ऊन असतं, आणि पाणी मिनिटांत चढतं. वाळू मऊ असते, फोटो छान येतो, सगळं मान्य. ह्यावरून एका गृहस्थांनी दुकानात बराच आवाज चढवला होता. चढवू देत.

आता सर्वांत जास्त येणारी तक्रार : "तुमचा टेंट गळतो." पाऊस नसताना! सकाळी आतलं कापड ओलं, पांघरूण दमट, आणि माणूस रागावलेला. गळत काही नसतं. रात्रभर आपल्या श्वासातून वाफ बाहेर पडते, ती बाहेरच्या थंडीनं गार झालेल्या कापडावर जमते. थंडी वाजते म्हणून नवा माणूस सगळ्या चेनी आणि झडपा घट्ट लावून घेतो आणि घाम आलेल्या पिशवीत झोपतो. वरची झडप उघडी हवी. दोन आवरणांचा तंबू असेल तर बाहेरचं आवरण तणाव्यानं ताठ ओढून आतल्यापासून लांब ठेवायला हवं. नायलॉनचं कापड रात्री दवानं सैल पडतं, म्हणून झोपायच्या आधी एकदा तणावे पुन्हा ओढायचे. असं केलं की कापडाची फडफडही थांबते, आणि नव्या माणसाची झोप जनावरांपेक्षा ही फडफडच जास्त उडवते.

जनावरांच्या आवाजांची थोडी ओळख आम्ही आधीच करून देतो. गच्चीवरच्या रात्री मोबाइलवर टिटवी ऐकवतो, रातवा ऐकवतो, कोल्हेकुई ऐकवतो. टिटवी रात्री-अपरात्री ओरडत सुटते, त्या आवाजाला घाबरून पहाटे तीनला मला फोन करणारे आहेत. हरभऱ्याच्या शेतात घोडारोज म्हणजे नीलगायी येतात, त्यांच्या टापा जवळून ऐकल्या की तंबू लहान वाटू लागतो. त्या हरभरा खायला आलेल्या असतात.

खरी काळजी मण्यारीची. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचं पुष्कळदा दुखतही नाही. त्यामुळे दोन मिनिटांसाठी बाहेर गेलात तरी चेन पूर्ण लावायची, बूट आत ठेवायचे आणि सकाळी झटकून घालायचे. काही चावल्याची नुसती शंका आली तरी झाडपाला नको, थेट मोठं हॉस्पिटल. आणखी एक : तंबूत शेगडी नाही, सिगडी नाही, गॅसही नाही, कितीही थंडी असली तरी. बंद खोलीत सिगडी पेटवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या दर थंडीत येतात. तंबू तर खोलीपेक्षा कितीतरी लहान.

शब-ए-मालवा म्हणून ज्या रात्रींचं कौतुक होतं त्या उन्हाळ्याच्या. पौषात त्याच रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो, उघड्या रानात आणखी गार वाटतं, आणि थंडी खालून येते. अंगाच्या वजनाखाली स्लीपिंग बॅगची रुई दबते, दबलेल्या रुईत ऊब राहत नाही. म्हणून खाली फोमची गुंडाळी लागतेच. हवा भरायची गादी आम्ही ठेवत नाही, बाभळीच्या एका काट्यात तिचा निकाल लागतो. फोमवर घरची गोधडी पसरायची, वर पांघरायची नाही. गोधडी घेऊन गेलं तर लोक हसतील असं तरुण मुलांना वाटतं. तिथं हसायला असतं कोण?

खाण्याचं फार मनावर घेऊ नये. पहिल्या रात्री स्वयंपाक करायचा नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थोडी सेव, आणि सकाळच्या पोह्यांवर टाकायला जिरावणाची, म्हणजे आमच्या इंदुरी मसाल्याची, पुडी. गॅसवर फक्त चहा. पाणी मात्र चार-पाच लिटर घरूनच न्यायचं.

निघताना प्रत्येकाकडून आम्ही एक चिठ्ठी भरून घेतो. कुठे जाणार, कुठल्या रस्त्यानं, गाडीचा नंबर, घरच्या कुणाचा फोन, आणि परतीचा पहिला फोन किती वाजता. घाटात उतरलं की मोबाइलची रेंज जाते, म्हणून हा फोन रेंजमध्ये आल्यावर करायचा. ठरल्या वेळी आला नाही तर मी शेतकऱ्याला फोन लावते, मग घरी, मग ११२. अजून तिसऱ्या पायरीवर जावं लागलेलं नाही. बहुतेक वेळा महाशय उन्हात लोळत पडलेले असतात.

सामान विकत घेऊ का, असं विचारणाऱ्याला मी आधी भाड्यानं दोन-तीनदा न्या म्हणते. दादाला हे पटत नाही. "विकायचं सोडून तू गिऱ्हाइकाला परत पाठवतेस." पण एका माणसाला दोन माणसांचा तंबू लागतो, कारण सामान आत ठेवायचं असतं, आणि दोन माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू प्रत्यक्षात दीड माणसाचा असतो. हे एक रात्र राहिल्याशिवाय पटत नाही. नेटवरून स्वस्तातला एकाच आवरणाचा तंबू घेतलेली माणसं नंतर आमच्याकडे येतातच.

परत आलेला तंबू हे आमचं निम्मं काम. तो गच्चीवर दोन्ही बाजूंनी वाळवायचा, नाहीतर आठवड्यात बुरशीचा वास धरतो. चेनीच्या दातांत काळी माती बसलेली असते, ती जुन्या टूथब्रशनं काढून वर मेणबत्ती घासायची. मग मेखा मोजायच्या. एक तरी कमी असते. आमच्या लोहाराचं आमच्यावर फार प्रेम आहे ते उगीच नाही.

लग्नं आता पूर्ववत झाली आहेत आणि खरं सांगायचं तर घर अजून शामियान्यावरच चालतं. छोट्या तंबूंतून त्यांचा स्वतःचा खर्च निघतो, एका मदतनीस मुलाचा पगार निघतो आणि दर हंगामात थोडं नवं सामान येतं. पावसाळ्यात आम्ही भाड्यानं काही देत नाही, तेव्हा शिवणी पाहणं आणि डागडुजी चालते. दसऱ्यानंतर सुरू करतो ते होळीपर्यंत. शनिवारची गच्ची हवी असेल तर आदल्या रविवारपर्यंत सांगून ठेवा, कारण सकाळी पोहे किती भिजवायचे ते आईला आधी कळावं लागतं.